सोनाआत्याची म्हणून गाजलेली तुझी ओवी

मंदा,

परवा जिंतूरला तुझ्या तेराव्याला लोकांनी तुझं इतकं कौतुक केलं, की मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला आलो. म्हणे गुणी होती. सोसणारी होती. कधी कुणाला उलटून बोलली नाही. उलटून न बोलणारी मंदा मी तरी पाहिलेली नाही. मी सेलूच्या घरात सून म्हणून आले तेव्हा तू अकरावीत होतीस. मी दारात तुझ्या दादाचं नाव घेतलं, सगळ्यांनी वा वा केलं आणि मी आत आल्या आल्या तू माझ्या कानात म्हणालीस, "वैनी, उखाणा चांगला होता, पण दुसऱ्या ओळीत लंगडायला होता." नणंद असावी तर अशी, असं त्या दिवशी मला अजिबात वाटलं नाही.

तू लिहितेस हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. लिहितेस म्हणजे कागदावर नाही. कामाला हात लागला की तुझ्या तोंडात ओळी यायच्या, आणि ओळ आली की तिची चालही तिच्यासोबतच यायची. मी शाळेत शिकवणारी बाई, मला कवितेचा अर्थ सांगता येतो, पण ती होताना कशी होते ते मी तुझ्याकडेच पाहिलं. हापशावर घागर ठेवून तू दांडा दाबायचीस, पाणी यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात तुझी ओवी व्हायची. मागे नंबर लावून उभ्या असलेल्या बायका ओरडायच्या, "ए मंदे, गाणं नंतर कर, आधी पाणी भर."

घरात सगळ्यात जास्त वैताग सोनाआत्यांना. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची थोरली बहीण, राणीसावरगावला दिलेली, पंचविशीच्या आत विधवा होऊन भावाकडे परत आलेली. आत्यांना गाण्याचं वावडं होतं. दुपारी भिंतीला टेकून कापसाच्या वाती वळत बसायच्या आणि तू गुणगुणलीस की म्हणायच्या, "गळा काय काढायलीस गं? कोण मेलं का घरात?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते आठवलं तरी अंगावर काटा येतो.

त्या वातींवरूनच ती ओवी झाली, आठवतं का? आत्या कापसातली सरकी काढून उंबऱ्याजवळ टाकत होत्या, बाजारातून गाड्या परतत होत्या, आणि त्याच सकाळी नानांनी तुझ्यासाठी आलेलं पहिलं स्थळ घरात बोलून दाखवलं होतं. तू भाकरी थापता थापता म्हणालीस:

कापूस गेला बाजारी, सरकी राहिली दारी
सांग सये, माझं कोण, ह्या दोन्ही घरी?

आणि मग, माझ्याकडे बघून, जरा नाटकीपणानं:

हापसते हापसा, येईना गं पाणी
खोल गेलं काळीज, हाती राहिली गाणी

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू म्हणालीस, "वैनी, धूर लागला का?" तू दुष्ट होतीस, मंदा. चांगलं काहीतरी करून त्याची चेष्टा करायची तुला खोड होती.

मग टीव्हीची स्पर्धा आली. परभणीच्या कॉलेजात तुझं नाव झालं होतं, औरंगाबादच्या चाचणीत तू निवडली गेलीस आणि मुंबईला जायचं ठरलं. तिथे दोन गाणी म्हणायची होती, एक नामांकित कवीचं भावगीत आणि एक लोकगीत. लोकगीत कुठलं, कुणाकडून शिकलात, तेही सांगायचं. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या पोरीला त्या स्पर्धेत जागाच नव्हती. तू म्हणालीस, मी माझी ओवी गाणार आणि माझी म्हणूनच सांगणार, काढायचं तर काढा.

नाना ताटावरून उठले. "'सांग सये, माझं कोण' हे तू लिहिलंस म्हणून जगाला सांगणार? पोरीच्या जातीनं? उद्या पाहुणे इचारतील, कुणासाठी लिहिलं. काय सांगू मी?" मग जरा शांत होऊन म्हणाले, "आत्याकडून शिकले म्हण. बायकांच्या ओव्यांना कुठं नाव असतंय? नावाचं काय घेऊन बसलीस एवढं?"

हे म्हणणारे नाना त्याच महिन्यात शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत नामांतराच्या विरोधात तावातावानं बोलले होते. मी तिथेच होते, त्याच शाळेत. विद्यापीठाचं नाव म्हणजे आमची इज्जत, नाव गेलं तर राहिलं काय, असं ते म्हणत होते आणि बाक वाजत होते. त्या नावापायी मराठवाड्यात कुणाची घरं जळाली, कुणाला गाव सोडावं लागलं, हे त्यांच्या बोलण्यात कधी आलं नाही. आणि घरी येऊन पोटच्या पोरीला विचारत होते, नावाचं काय एवढं. मी हे तेव्हाच तुला म्हणाले. तू हसलीस आणि म्हणालीस, "जाऊ द्या वैनी, एकदा गाऊन तर येते. नाव काय, पुढच्या वेळी सांगता येईल."

पुढच्या वेळी. हे दोन शब्द कुणी उच्चारले की मला आता राग येतो.

पोस्टमास्तरांच्या घरी सगळी गल्ली जमली होती. बांबूवरचा अँटेना फिरवायला दादा पत्र्यावर चढलेले, खालून सगळे ओरडतायत, "आलं, आलं, गेलं, मुंग्या आल्या!" आणि त्या मुंग्यांतून तू दिसलीस. माझी निळी साडी नेसली होतीस, न विचारता नेलेली. निवेदिकेनं विचारलं, इतकी सुंदर ओवी तुम्हाला कुठे मिळाली? आणि तू, साऱ्या महाराष्ट्रासमोर, डोळे खाली घालून म्हणालीस, "आमच्या सोनाआत्याकडून." तू गायलीस. खाली पांढऱ्या अक्षरांत आलं, पारंपरिक. गल्लीनं टाळ्या वाजवल्या आणि आत्या हातातली वात तशीच धरून म्हणाल्या, "माझं नाव घेतलं गं तिनं."

तू दुसरी आलीस. स्टेशनवर तुला हार घालायला माणसं आली, खरं आहे, पण दुसऱ्या दिवसापासून घरी जी रीघ लागली ती आत्यांसाठी. कुठलं महिला मंडळ आलं, कुठले प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले. आत्यांना खुर्चीवर बसवलं. नारळ दिला, साडी दिली. जिनं जन्मात कधी सूर लावला नव्हता तिला सगळे म्हणाले, म्हणा. आता आत्यांना ओवी कुठे येत होती? तेव्हा तू दाराआड बसायचीस. आत्या एक ओळ कशीबशी म्हणायच्या आणि मान वळवून हळूच विचारायच्या, "मंदे, पुढं काय गं?" तू आतून पुढची ओळ सांगायचीस. प्राध्यापकांना वाटायचं, म्हातारीची स्मृती थकली.

मी तुला म्हटलं, हे आयत्या बिळावर नागोबा झालं. तू म्हणालीस, "वैनी, पंचवीस वर्षांत तिला कुणी चहा घेता का म्हणून इचारलं न्हाई. आता खुर्ची मिळायलीय, बसू द्या की." मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. आत्यांना खुर्ची द्यायची होती तर नानांनी द्यायची होती. तुझ्या अंगावरची कातडी काढून तिची गादी कशाला?

पुढची वेळ आली तेव्हा तू बावीस-तेवीस वर्षांची होतीस. ही स्पर्धा तुझ्यासाठीच काढल्यासारखी होती. गीत आपलं, चाल आपली, गळा आपला. नाना नको म्हणत होते, पण दादा पहिल्यांदा नानांसमोर उभे राहिले आणि तुला घेऊन गेले. मला वाटलं, आता ती पांढरी अक्षरं येतील आणि त्यांत तुझं नाव असेल. तुलाही तेवढंच हवं होतं. बक्षिसाचं तू एकदाही बोलली नाहीस. "वैनी, खाली नाव येतंय ना, तेवढं नीट बघा बरं का," एवढंच बोलली होतीस.

तुझं नाव आलं. मी पाहिलं, मंदा, नीट पाहिलं. मग तू तुझं नवं गीत गायलीस, आणि शालवाले परीक्षक बोलायला लागले. गोड बोलले. म्हणाले, चाल ओळखीची वाटते, तुमच्या आत्यांच्या ओवीची ही उघड नक्कल आहे. लोकांच्या ठेव्यावर आपलं नाव लावण्याची घाई नव्या मुलांनी करू नये. तू घाबरली असतीस तर बरं झालं असतं. पण तू संतापलीस, आणि संतापलीस की तुझं घरचं बोलणं बाहेर येतं. "ती ओवी बी माझीच हाय," तू म्हणालीस. "मीच केलेली हाय." आधी परीक्षक हसले, मग सभागृह हसलं. ते हसू आमच्यापर्यंत जसंच्या तसं आलं, त्या दिवशी एकही मुंगी नव्हती.

परभणीहून वर्तमानपत्राचा माणूस आला. ओट्यावर आत्या बसल्या होत्या, सत्काराची साडी नेसून. तू दारात उभी होतीस, मी तुझ्या मागे. त्यानं सरळ विचारलं, "आत्या, ओवी कुणाची? तुमची का हिची?"

आत्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता खरं बोलतील. ज्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं तिच्यासाठी एक शब्द, बस. आत्या म्हणाल्या, "माझ्या माईची हाय. मी नवी नवरी होते तवा माईनं शिकिवली."

मला राहवलं नाही. "आत्या, ओवीत हापसा आहे. हापसे आले मोठ्या दुष्काळानंतर. तुमच्या माईच्या काळात हापसा कुठला?"

आत्या जराही अडखळल्या नाहीत. "तवाचा हापसा येगळा असायचा," म्हणाल्या.

आणि त्या माणसानं ते लिहून घेतलं! मग तो आत्या नवरी होऊन गेल्या त्या राणीसावरगावला गेला, आणि तिथे एक नाही, गावच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, हो, ही लय जुनी ओवी हाय, आमच्या सासवा म्हणायच्या. कुणी एक तर म्हणाली, माझ्या लग्नातच म्हटली होती. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं गं. टीव्हीवर ऐकली, तोंडात बसली, आणि बसलेली गोष्ट जुनीच वाटते. पण चोराला निदान आपण चोर आहोत हे माहीत असतं. या सगळ्या सज्जन होत्या, म्हणून तर त्यांच्यापुढे तुझा निभाव लागला नाही. आत्याच्या ओवीवर भाचीचा डल्ला, असं छापून आलं. बाजारात पोरं तुला पाहून 'माझीच हाय' म्हणायला लागली.

नाना काहीच बोलले नाहीत. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं, कारण त्यांच्यासमोर, त्यांच्या ताटासमोर त्या ओवीचं भांडण झालं होतं. पण खरं सांगायचं तर आधीचं खोटं आपणच बोलायला लावलं हे सांगावं लागणार होतं. त्यांनी त्यापेक्षा तुझं लग्न लावून दिलं.

जिंतूरची माणसं वाईट नव्हती, लोक वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. तुझे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून, साधा माणूस. सासूबाईंना टीव्हीवर गायलेली सून आल्याचा अभिमान होता. ज्याच्या त्याच्या हळदीत तुला पुढे करायच्या, "म्हण गं, तुझ्या आत्याची ओवी." आणि तू म्हणायचीस. मी एकदा तिथे होते. हळदीत बसून तू 'सांग सये, माझं कोण' म्हणत होतीस आणि बायका तुझ्याच तोंडावर तुला सांगत होत्या की दुसरी ओळ आमच्याकडे जरा वेगळी म्हणतात.

मग एका दिवाळीत पुण्याची एक मुलगी टीव्हीच्या स्पर्धेत तुझी ओवी गायली आणि पहिली आली. खाली अक्षरं तीच, पारंपरिक. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "मंदा, राग मानू नको, पण ही पोरगी तुझ्यापेक्षा बरी म्हणती." हे तू मला भाऊबिजेला सांगितलंस, नक्कल करून, हसत. मी हसले नाही. मी म्हटलं, तू अजून उभी राहा, आपण दोघी मुंबईला जाऊ, मी साक्ष देते. तू म्हणालीस, "सोडा वैनी. माझं नाव गेलं तर गेलं, ओवी जगायलीय ना?"

तेव्हा मी तुला फाडकन बोलले होते आणि ते भांडण आपलं अर्धंच राहिलं. आता पुरं करते. गाणाऱ्याचं नाव जातं आणि गाणं राहतं, असं मोठी माणसं म्हणतात तेव्हा नीट बघ, त्यांची स्वतःची नावं दारावर कोरलेली असतात. तू ज्या ओवीत विचारलंस की माझं कोण, ती ओवीही तुझी राहिली नाही. ह्यात थोर काय आहे? तू मन मोठं केलंस आणि सगळ्यांनी त्यात आपापलं सामान ठेवलं.

या पावसाळ्यात तुला कावीळ झाली. घरच्यांनी आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, त्यानं नाकात पाल्याचा रस पिळला, हातावर चुना चोळला, पाणी पिवळं झालेलं दाखवलं, सगळ्यांचं समाधान झालं. परभणीच्या दवाखान्यात आणलं तेव्हा उशीर झाला होता. मी उशाशी बसले होते. तुझा आवाज इतका बारीक झालेला की मला वाकावं लागत होतं. तू म्हणालीस, "वैनी, एक नवी झालीय." मी म्हटलं, सांग. तू म्हणालीस, "आत्ता न्हाई, गळा बसलाय. बरी झाले की म्हणते. ह्या वेळी आधी नाव सांगायचं, मग ओवी." डोळे पिवळे, पण त्यांत तीच जुनी खोडी होती. ती ओवी मला ऐकवायचीच होतीस तर लंगडी ऐकवायची होतीस, मंदा. मी कुठे तुझ्यासारखी मात्रा मोजणार होते? तू मला त्या पहिल्या उखाण्यापासून हसत आलीस, मी वरवर चिडत आले, आणि तुझ्याइतकं आपलं माणूस मला या घरात दुसरं लाभलं नाही, हे तुला सांगायचं राहून गेलं. तुला ते माहीत असणार. पण माहीत असणं आणि ऐकणं यांत काय फरक असतो, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार होतं?

तर तेराव्याचं सांगत होते. जेवणं झाली, पानं उचलली, राणीसावरगावच्या बायका आत्यांभोवती बसल्या. तुझ्या सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आत्या, तिला आवडायची ती ओवी म्हणा, जीव थंड होईल तिचा." मला वाटलं, आत्या आज तरी नाही म्हणतील. आत्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि सुरू केलं. कापूस गेला बाजारी, सरकी राहिली दारी. फाटका आवाज, सूर कुठेच नाही. सांग सये, माझं कोण, ह्या दोन्ही घरी. आणि तिथे थांबल्या. पुढची ओळ येईना. सवयीनं त्यांनी मान दाराकडे वळवली आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मंदे, पुढं काय गं?"

दारात कुणी नव्हतं.

आत्यांनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या हंबरडा फोडून रडायला लागल्या. मी वाट पाहत होते. म्हटलं, आता तरी कुणाला कळेल, की जिच्या आईची ओवी ती या पोरीला का विचारते. नानाही बाहेरच्या खोलीत होते, त्यांनीही ऐकलं असणार. एक बाई आत्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "म्हातारं माणूस, दुःखानं माईची ओवी इसरली बघा." आणि दुसरीनं पुढची ओळ सांगितली, हापसते हापसा, येईना गं पाणी, आणि सगळ्या म्हणायला लागल्या.

मी एकटी म्हणत नव्हते. माझ्या शेजारी एक पोरसवदा सून बसली होती, लग्न झालं तेव्हाच्या तुझ्या वयाची असेल. तिनं मला कोपरानं ढोसलं, "म्हणा की वैनी. तुमाला येत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "ही मंदानं केलीय. आमच्या चुलीपुढे, माझ्यासमोर केलीय."

ती पोर दचकली. इकडे तिकडे पाहून, मला सांभाळून घेतल्यासारखी, अगदी मायेनं हळू आवाजात म्हणाली, "असू द्या हो. गेलेल्या माणसावर आता पुन्हा कशाला तो चोरीचा आळ घेता?" आणि तिनं पुढची ओळ उचलली. तिचा सूर, मंदा, चांगला लागला होता.